मामाजींचा हंडा

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पहिल्याच भेटीत माझ्या वडिलांच्या पाठीत लाथ घातली होती. वडिलांनी हात जोडून त्यांचे आभार मानले आणि त्यानंतर थोड्याच वेळात सोयरीक पक्की करून टाकली. माझ्या संसाराची सुरुवात ही अशी आहे. चारचौघांत मी ती एवढीच सांगतो. एवढीच सांगितली की लोक हसतात.

लाथेचं कारण साधं होतं. मामाजी पायाळू होते. आईच्या पोटातून आधी पाय बाहेर आलेला माणूस म्हणजे पायाळू, आणि त्याचा पाय लागला की पाठीत भरलेली चमक निघते, हे आमच्याकडे डॉक्टरांनासुद्धा माहीत असतं. मुलगी पाहायला आम्ही एसटीच्या मागच्या सीटवर आदळत आपटत दिग्रसला पोचलो तेव्हा बाबा काटकोनात वाकलेले होते. मामाजींनी त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, "माफी असू द्या इवाई" म्हणाले, म्हणजे सोयरीक ठरायच्या आधीच त्यांना व्याही करून टाकलं, आणि डावा पाय उचलला. बाबा सरळ झाले. सरळ झाल्यावर त्यांची नजर समोरच्या फळीवर गेली. तिथे एका परातीत पाणी होतं आणि पाण्यात मूठभर जुनी नाणी पडली होती. नाण्यांना माती चिकटलेली होती.

पायाळू माणसाबद्दल आमच्याकडे आणखीही एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. जमिनीत पुरलेलं धन त्याला दिसतं.

मामाजींचं दिग्रसला ढेपेचं दुकान होतं. सरकीतून तेल काढून घेतल्यावर उरते ती ढेप. ती खाऊन अख्ख्या तालुक्याच्या म्हशी दूध देत, आणि मामाजी तिच्या पोत्यांआड बसून कुस्तुंतुनियाचं राज्य चालवत. तरुणपणी नागपूरच्या फुटपाथवर त्यांना वाटीसारखं वाकलेलं एक तांब्याचं नाणं मिळालं होतं. विकणाऱ्याने ते कुंकवाची वाटी म्हणून विकलं, आणि त्यांनीही ते मामीजींसाठी कुंकवाची वाटी म्हणूनच घेतलं. "ह्याच्यात बोट मावत नाही अन् म्हणे कुंकू ठेव," म्हणून मामीजींनी ते परत केलं. तेव्हा मामाजींनी ते उन्हात धरून पाहिलं, तर आत एक राजा उभा होता. तो राजा कोण, हे समजायला पुढे बरीच वर्षं गेली. शेवटी यवतमाळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या एका सरांनी सांगितलं की हे बायझंटाईन नाणं आहे. मामाजींना तो शब्द कधीच आवडला नाही. "बायजंटीन म्हटलं तं खोकल्याच्या औषधावाणी वाटते. कुस्तुंतुनिया म्हणा. तोंड भरते."

नंतर ते मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून रजिस्टर पोस्टाने नाणी मागवू लागले. धुतलेली, ओळख पटलेली नाणी महाग. तिकडच्या शेतांतून निघालेली, मातीसकट, कशातून काय निघेल याचा भरवसा नाही, अशी नाणी स्वस्त. मामाजी मातीवाली घेत. महिनाभर पाण्यात भिजत घालत आणि मग बाभळीच्या काट्याने एकेका अक्षराच्या खाचेतली माती उकरत बसत. सुई चालत नाही, सुई नाण्याला लागते. काटा आधी स्वतः मोडतो. "काटा शहाणा असते," ते म्हणत, "त्याले समजते कुठं थांबाचं ते." दुकानात ढेप घ्यायला आलेला माणूस हे बघे. पोस्टमन जड पाकिटं आणून देतो तेही गाव बघे. पण पाकीट मुंबईहून येतं यापेक्षा इथून मुंबईला जातं हे गावाला जास्त पटलं. पायाळू माणूस, मातीने भरलेली नाणी आणि मुंबईशी व्यवहार! आता काय राहिलं?

घासून गुळगुळीत झालेल्या नाण्यांवर त्यांचा फार जीव. कोरं करकरीत नाणं दाखवलं तर म्हणायचे, "हे घरात बसलेलं हाये. काही कामाचं नाही." आणि नाक-डोळे झिजलेला एखादा राजा अंगठ्यावर घेऊन सांगायचे, "हे चाललेलं नाणं हाये, जवाईबापू. यानं कोनीतरी भाकर घेतली असन. कोनीतरी उधारी फेडली असन. राजा मेला, छाप झिजला, तरी चालून राह्यलं." ग्रीक अक्षरं ते लावत, पण माझ्या अंदाजाने निम्मी चुकत. दोन-तीन राजांची तर त्यांनी अदलाबदलच करून ठेवली होती. चूक लक्षात आली की ते राजाचीच माफी मागत.

आता त्या दिवशीचं पुढे. बाबांनी परात पाहिली. मामाजींचे पाय पाहिले. घरात एकच मुलगी, तिला ना भाऊ ना बहीण, हे तर मध्यस्थाने आधीच सांगितलेलं होतं. आलूपोह्यांची बशी खाली ठेवून मामाजींनी चाचरत विषय काढला, "देण्याघेण्याचं काय म्हणता, इवाई?" आणि आमचे बाबा, जे बाजारात वांग्याचा भाव केल्याशिवाय पिशवी उघडत नाहीत, ते म्हणाले, "आमाले पोरगी अन् नारळ. बाकी एक रुपया नको."

मामाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. कुंदाच्या, म्हणजे आम्ही पाहायला गेलो त्या मुलीच्याही आलं असं तिने मला नंतर सांगितलं. माझ्याही आलं. मला वाटलं, आपला बाप एवढा मोठा माणूस आहे हे आपल्याला कळलंच नव्हतं. यवतमाळच्या विमा कचेरीत मी नवीन होतो. तिथे आठवडाभर मी ताठ मानेने फिरलो. चहाच्या टपरीवर दोघांना तर मी हुंड्याच्या प्रथेवर भाषणही दिलं.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी सासरवाडीहून परत आलो, तेव्हा बाबांनी मला गोठ्यात नेऊन विचारलं, "काही दिसलं का?"

"काय दिसायचं?"

"तसं नाही. काही बोलले का?"

"राजांबद्दल बोलले."

बाबांनी मान हलवली. "बेरकी माणूस हाये. लवकर नाही सांगनार."

मला काहीच कळेना, म्हणून मी आईला विचारलं. आई तुरीच्या शेंगा सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अरे येड्या, हंडा हाये नं त्यायच्याकडं. हंडा घरात येऊन राह्यला, मंग हुंडा कायले मांगाचा?"

ज्या भाषणाने मी टपरीवर दोन माणसं जिंकली होती, त्यातल्या मुख्य शब्दाचा फक्त उकार चुकला होता असं तेव्हा मला समजलं.

पुढच्याच वर्षी अधिक महिना आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून अनारसे खाऊ घालायचे आणि सोन्याचांदीचं काही वाण द्यायचं, ही आपली रीत. हंड्याचं तोंड आता उघडणार म्हणून बाबांनी मला नवा शर्ट घेतला. मामाजींनी मला पाटावर बसवलं, मामीजींनी ओवाळलं, आणि तबकातल्या रुमालाखालून निघालं एक तांब्याचं नाणं. एका बाजूला सिंहासनावर शेजारी शेजारी बसलेले राजाराणी आणि दुसऱ्या बाजूला भला मोठा इंग्रजी एम.

"तुमच्या नावाचं हाये," मामाजी हर्षाने म्हणाले. माझं नाव मनोहर. खरं तर तो एम म्हणजे चाळीसचा आकडा, त्या नाण्याची किंमत, हे त्यांनीच लगेच पुढे सांगितलं. पण आधी एक मिनिट तरी मला खूश होऊ दिलं. "अन् हे पाहा, राजानं बायकोले संगं बसवलं. नाही तं नाण्यावर बाई कोन बसवते? हा जस्टिन. पुढं याचं डोकं फिरलं अन् राज्य बाईनंच पाह्यलं. आमच्या घरच्यावाणी."

"तिचं तं बरं व्हतं," मामीजी आतून म्हणाल्या, "तिच्या नवऱ्याचं राज्य मिळाल्यावर फिरलं. तुमचं ढेपेतच फिरलं."

ते नाणं बाबांनी दारव्ह्याच्या सोनाराकडे नेलं. सोनाराने राजाराणीच्या बाजूला एक ओरखडा काढून पाहिला आणि "तांबं हाये, भाऊ" म्हणून परत दिलं. बाबांचा विश्वास तरी हलला नाही. "खरा माल कोन दाखवते?" असं म्हणाले. तो ओरखडा पुढच्या भेटीत मामाजींना दिसू नये म्हणून मी ते नाणं पाकिटात एम वर करून ठेवू लागलो.

मामाजींना मात्र आमच्या घराचं वेडच लागलं. कोणत्याही लग्नात, तेरवीत, बाजारात मी दिसलो की ते माझा हात धरून समोरच्या अनोळखी माणसाला सांगत, "हे आमचे जवाई. यायच्या बापानं एक रुपया घेतला नाही. पोरगी अन् नारळ!" अनोळखी माणूस माझ्याकडे आदराने बघे. मी खाली बघे. ते त्याला नम्रता समजत आणि आणखी सांगत. एकदा दवाखान्यात माझी नाडी बघणाऱ्या कंपाउंडरलाही त्यांनी सांगितलं. नाडी वाढली. "टेन्शन घेत जाऊ नका," कंपाउंडर म्हणाला.

वर्षं गेली, आणि बाबांचा हंडा हळूहळू विरला. मामाजींच्या दुकानाची कौलं तीच राहिली, त्यांची सायकल तीच राहिली, पोत्यांमागचा बल्बही तोच राहिला. बाबांनी "काही दिसलं का?" विचारणं एका वर्षी बंद केलं. त्यानंतर आमच्या घरात तो विषय नव्हता. मात्र सोयऱ्यांमधल्या लग्नाला जायचं म्हटलं की बाबांचे गुडघे दुखू लागत. मंडपाच्या दारातच मामाजी उभे असतील, आणि पाचपन्नास लोकांसमोर हात जोडून "पोरगी अन् नारळ" म्हणतील, याची त्यांना धास्ती होती. नुसतं हसं झालं असतं तर ते त्यांनी सोसलं असतं. ही स्तुती त्यांना सोसेना.

आणि मग मामाजींनी कळस केला. समाजाच्या परिचय मेळाव्याच्या मंडळींमागे लागून त्यांनी दारव्ह्याच्या मंगल कार्यालयात बाबांचा सत्कार ठरवला. हुंडा न घेणारे आदर्श वरपिता! पत्रिकेवर बाबांचं नाव छापून आलं. बाबांनी ती पत्रिका वाचली, उलटी ठेवली आणि मला म्हणाले, "मन्या, मले ताप येऊन राह्यला."

"ताप नाही बाबा, थंड आहे अंग."

"मंग आता काय कराचं?"

मामाजी त्या वर्षी फार थकले होते. पण सत्काराच्या कामाने त्यांना टवटवी आली होती. शाल त्यांनी स्वतः निवडली होती.

हॉल भरलेला होता. पुढच्या रांगेत लग्नाची मुलंमुली, मागे त्यांचे आईबाप, आणि स्टेजवर मधोमध बाबा, नवीकोरी शाल पांघरून, फाशीची शिक्षा ऐकायला बसल्यासारखे. सूत्रसंचालकाने मामाजींना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते दोनशे बोलले. मग माईक बाबांच्या हातात आला.

"मले बोलता येत नाही," ते म्हणाले. "पन हे खोटं हाये. म्हणजे, म्या हुंडा नाही घेतला, हे खरं हाये. काहून नाही घेतला, ते कोनं इचारलं नाही." "मले वाटलं यायले हंडा सापडला. हंडा हाये म्हटल्यावर हुंडा कायले मांगू?"

मग हॉलला असं काही हसू फुटलं की मागच्या खुर्च्या सरकल्या. टाळ्या थांबेनात. "हुंडा नको, हंडाही नको!" सूत्रसंचालक ओरडला आणि दिवसभर तेच ओरडत राहिला. बाबा माईक धरून "खरंच सांगून राह्यलो" म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी हशा वाढत होता. सगळ्यांत जास्त हसत होते मामाजी. धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते.

मेळावा आटोपून आम्ही प्रवासी जीपने दिग्रसला निघालो. कुंदा सकाळपासूनच माहेरी स्वयंपाकाला गेली होती. जीपमध्ये मामाजी अजून मधूनमधून खुदखुदत होते. "काय जोक मारला, इवाई! मले तं ठसकाच लागला."

"जोक नोता तो," बाबा म्हणाले.

मामाजींनी डोळे पुसायचा सोगा खाली सोडला आणि विचारलं, "काय नोता?"

"जोक."

मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर कपाशीशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं, पण मी ती फार बारकाईने पाहिली. मामाजी चिडतील, रडतील, जीप थांबवून उतरतील, असं सगळं माझ्या मनात येऊन गेलं. ते बोलले तेव्हा त्यांच्या आवाजात रागच होता, पण तो भलत्याच गोष्टीचा होता.

"तुमी शेतकरी नं हो?"

"हाव."

"त्या नाण्यावरची माती पाह्यली व्हती तुमी?"

"हाव."

"राखाडी व्हती. भुरकट. आपल्या वावरात अशी माती हाये? साऱ्या तालुक्यात हाये? काळ्या मातीत जलम गेला तुमचा, अन् तुमाले वाटलं ते इथलं हाये? कुस्तुंतुनियाचं नानं दिग्रसच्या भुईत निघन कसं? म्या जाऊन पुरलं?"

समोरच्या सीटवरचा एक माणूस उत्सुकतेने वळून बघू लागला.

घरी पोचल्यावर मामाजींनी पाणीही घेतलं नाही. आतून पत्र्याची बॅग ओढत आणली, सतरंजी अंथरली आणि बाबांना समोर बसवलं. एकेक नाणं कागदाच्या पुडीतून काढून ते बाबांच्या तळहातावर ठेवू लागले. हे अमक्या साली घेतलं. हे दोन पोती ढेप विकून. हे फसलो, नकली हाये, पन सुंदर हाये म्हणून ठेवलं. बाबा प्रत्येक नाणं डोळ्याजवळ नेत आणि खाली ठेवत. सत्काराची शाल त्यांच्या खांद्यावर तशीच होती, ती काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं. बॅग रिकामी झाली. सतरंजीवर सगळं तांबंच तांबं पसरलं होतं.

"झालं," मामाजी म्हणाले. "एवढाच हाये हंडा. आता एक सांगा. तवा हे सारं असं मांडून दाखवलं असतं, तं पोरगी केली असती आमची?"

त्यांनी हे टोमण्याने विचारलं नव्हतं. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवर ते मान वर करून चालले, ती गोष्ट आता त्यांनी स्वतःच काट्याने उकरायला घेतली होती. मी मनात म्हटलं, बाबा, आज एवढं एक खोटं बोला.

"नसती केली," बाबा म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारात कुंदा ताटं घेऊन उभी होती. तिला मेळाव्यातलं काही माहीत नव्हतं, पण एवढं ऐकल्यावर बाकीचं समजायला तिला वेळ लागला नसावा. तिने ताटं जमिनीवर आपटल्यासारखी ठेवली.

"दोघं म्हातारे मिळून माझा भाव काय काढून राह्यले?" ती म्हणाली. "हा पसारा उचला अन् हात धुवा. भाकरी थंड होऊन राह्यल्या."

दोघे म्हातारे निमूटपणे उठले. मीही उठलो, जरी मी अजून म्हातारा झालो नव्हतो आणि एक शब्दही बोललो नव्हतो. किंबहुना तेच मला नंतर फार लागलं. मोरीवर बाबांच्या हातावर पाणी घालताना मामाजी हळूच म्हणाले, "खरं बोल्ले इवाई. बरं केलं." जेवताना त्यांनी बाबांना आग्रह करकरून वाढलं.

त्यानंतर त्यांचं वागणं काडीचंही बदललं नाही. पूर्वीसारखेच ते माझ्यासाठी बसस्टँडवर येऊन उभे राहत, पूर्वीसारखेच मला राजे दाखवत. फक्त कुणाशी ओळख करून देताना म्हणत, "हे आमचे जवाई," आणि थांबत. पुढचं वाक्य नाही. समोरच्याला काहीच कमी वाटत नसे. मला ती रिकामी जागा दरवेळी ऐकू येई. ज्या वाक्याने मी वर्षानुवर्षं जमिनीत गाडला जात होतो, ते वाक्य आपल्याला इतकं हवं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला मामाजी गेले. फार त्रास झाला नाही. तेरवी झाल्यावर मामीजींना आम्ही आमच्याकडे न्यायचं ठरवलं. निघताना त्या पत्र्याच्या बॅगेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे घ्या आधी. ते नाही तं तिथं वरतून बोंबलतीन." कुंदाने तिच्यावरची धूळ पदराने पुसली.

मी ती बॅग उचलली आणि भर दुपारी दिग्रसच्या रस्त्याने बसस्टँडकडे निघालो. तांबं फार जड असतं. दर दहा पावलांवर हात बदलावा लागत होता. दुकानांमधून माणसं बघत होती. काहींनी माना हलवल्या, काही एकमेकांच्या कानाला लागले. स्टँडजवळचा पानठेलेवाला तर ठेला सोडून खाली उतरला.

"चालले का, जवाईबापू?" त्याने बॅगेकडे डोळे लावूनच विचारलं. "न्या, न्या. शेवटी जवायाचाच असते तो."

"तांबं आहे हो सगळं," असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. शेजारी कुंदा उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. हा आता काय सांगतो, हे तिला बघायचं असावं. या गावाने त्या हंड्याबद्दल नुसती कुजबुज केली होती. आमच्या घराने त्याच हंड्याच्या भरवशावर मुलगी केली होती. तेव्हा या माणसाला शहाणपण शिकवायचं तर ते कोणत्या तोंडाने?

"जड आहे," मी म्हणालो, आणि त्यानेच हात लावून बॅग एसटीत चढवून दिली.